येतंय हां

संचिताने रेकॉर्डिंग मागे नेऊन परत लावलं. नर्मदाकाकीचा खणखणीत आवाज त्या एवढ्याशा ऑफिसात भरला.

"खेकडे मेले गो सगळे. आमी सोडलंव ह्यां. खाडी तेवडी मोकळी ठेवा, तिसऱ्यो काढूक. येतंय हां."

"शेवटचं ऐकलंस?" मिहीर सर म्हणाले. "येते म्हणतायत. लिही, खेकडापालनात परत येण्याची इच्छा आहे."

संचिता फिस्सकन हसली. मग त्यांचा चेहरा पाहून तिने हसू आवरलं.

"सर, त्या निघताना म्हणाल्या. उंबऱ्यावर 'जाते' कोण म्हणतं?"

"मला शिकवतेस? पुण्याचा आहे मी, परदेशातला नाही."

माणूस वाईट नव्हता बिचारा. पण संस्था आंतरराष्ट्रीय, खेकडापालनाचा प्रकल्प तिचाच आणि त्याचं मूल्यमापन करणारा हा विभागही तिचाच. त्यात निधी देणाऱ्या देशाचे मंत्री तिथल्या निवडणुकीच्या तोंडावर मालवणात येणार होते, दुसऱ्या टप्प्याची घोषणा करायला. 'अपयश' हा शब्द मुख्यालयाने खोडून अहवाल परत धाडला होता.

"पुन्हा तेच पाठवलं तर विभाग गुंडाळतील. तुझी नोकरीही जाईल."

"आणि दुसऱ्या टप्प्यात खेकड्यांसाठी सगळ्या खाडीला कुंपण पडेल. काकीने तिसऱ्या-शिंपल्या कुठे काढायच्या? माझ्या अंगणात?"

"खोटं कुठे लिहितोय आपण? शब्द त्यांचेच आहेत ना!" सर चष्मा पुसू लागले. तो आधीच स्वच्छ होता.

संचिताच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. काकी शेजारची. आपली पोरगी विचारतेय म्हणून मन मोकळं करून बोलली होती. परक्याला तिने 'बरां आसा' म्हणून वाटेला लावलं असतं.

तिने इंग्रजीत लिहिलं, आम्ही हे सोडलं आहे, खाडी मोकळी ठेवा. 'येतंय हां'समोर लिहिलं, निरोप घेताना म्हणतात. खाली अनुवादक म्हणून स्वतःचं नाव घातलं आणि सरांच्या देखत अहवाल मुख्यालयाला पाठवून दिला. सरांनी हात पुढे केला होता, पण तो टेबलावरच राहिला.

संचिताने पर्स खांद्याला लावली, दारात चपला पायात सरकवल्या. ऑफिसात ती कधी मालवणी बोलत नसे.

"जातंय, सर."

"अगं, जाते काय म्हणतेस, येते म्हण..."

सवयीने निघालेलं वाक्य सरांनी अर्ध्यातच तोडलं.