मिठाच्या सरदाराचा जुळा भाऊ

मिठाचा सरदार दुष्ट आहे. बस्स, एवढं सोपं आहे ते. गावंच्या गावं मिठाची करतो, माणसं अंगणात उभी असतात तशीच्या तशी पांढरी पडतात आणि हा गडावर उभा राहून हसतो. का करतो? दुष्ट आहे म्हणून करतो. कार्टून मालिकेतला खलनायक तो, त्याला काय नोकरीला ठेवायचंय, की बसून मागची चौकशी करायची?

पण आमच्या चाहत्यांना हे पटेल तर ना. त्यांना कारण हवं असतं. कुणी म्हणतं, लहानपणी त्याची आई समुद्रात बुडाली म्हणून तो खारटाच्या नादी लागला. कुणी म्हणतं, तो माणसांना मिठाचं करतो ते ती नासू नयेत म्हणून, म्हणजे प्रेमापोटी. प्रेमापोटी! हे वाचून मी कपाळाला हात लावला होता. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे जुळा भाऊ. सरदार एक नाही, दोन आहेत म्हणे. एक दुष्ट आणि एक गरीब गाय. चांगल्याला दुष्टाने गडाखालच्या मिठाच्या खाणीत कोंडून ठेवलंय, आणि तो कधीकधी सुटून वर येतो. पुरावा काय, तर पहिल्या सीझनमधल्या एका शॉटमध्ये सरदाराच्या गालावरचा व्रण डाव्याऐवजी उजवीकडे दिसतो.

आता हा व्रण उजवीकडे कसा गेला ते मला विचारा ना. मी त्या मालिकेत शॉट जोडायचं काम बघते. एकाने काढलेला गड, दुसऱ्याने हलवलेला माणूस, तिसऱ्याने केलेलं धुकं, सगळं एकावर एक बसवून शॉट पुरा करायचा, हे आमच्या खोलीचं काम. त्या शॉटमध्ये सरदार तटावरून खाली होडीतल्या मुलीकडे बघतो. एडिटरने लावून पाहिलं तर दोघं एकाच दिशेला बघतायत, जणू दोघंही बसची वाट बघतायत. एपिसोड संध्याकाळी जायचा होता. डायरेक्टर म्हणाला, फ्लिप करा. म्हणजे चित्र आरशात धरल्यासारखं उलटं करायचं. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. नंतर व्रण पुसून परत बरोबर गालावर काढायचा असतो, तेवढं राहिलं. झालं. ही त्या जुळ्या भावाची जन्मकथा.

हे जाहीर सांगून टाकावं असं मी शंभरदा म्हटलं. डायरेक्टर तयार नाही. "लोक खूश आहेत, आपल्याला काय त्रास?" म्हणतो. मागच्या सोमवारी तर त्याने मीटिंगमध्ये सांगितलं, की पुढच्या सीझनमध्ये आपण खरंच जुळा भाऊ आणतोय. मी म्हटलं, अरे पण तो नाहीये. तर म्हणाला, "बाई, सरदार तरी कुठे आहे?" सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण घरी माझ्या सोफ्यावर माझी धाकटी बहीण बसलेली होती.

हिला आम्ही सगळे बारकी म्हणतो. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते. महिन्याभरापूर्वी एक बॅग आणि मनगटाला क्रेप बँडेज घेऊन माझ्या दारात आली. आधी म्हणाली, पायरीवरून पडले. मग जेवताना डाव्या हाताने चमचा धरता धरता म्हणाली, की त्याने पिरगाळला. त्याने म्हणजे नवऱ्याने. फोन उचलायला उशीर झाला म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरा संताप पुढच्या वाक्याने आला. "तो तसा नाहीये गं ताई. त्याला मध्येच काय होतं कुणास ठाऊक. सकाळी इतका वेगळा असतो. रडला माझ्यापुढे, चहा करून आणला."

हे मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. याआधीही ती अशीच आली होती, आणि त्याने दोन गोड शब्द बोलल्यावर चप्पल घालून परत गेली होती. त्याच्या बापाने त्याला लहानपणी पट्ट्याने मारलं, ऑफिसात त्याला कुणी किंमत देत नाही, पाठदुखीने झोप होत नाही, ही सगळी कारणं मला तोंडपाठ आहेत. सगळी खरीही असतील. पण मनगट हिचं सुजलं ना.

आणि आता त्याचा मेसेज आला होता, की रविवारी घ्यायला येतोय. तिने "ये" असं उत्तर दिलं होतं.  या खेपेला गेली तर पुढच्या खेपेला बँडेज कशावर असेल, या विचाराने मला जेवण जाईना. पण मी बोलले नाही. बोलले की ती शिंपल्यासारखी मिटते, हे मला तिच्या शाळेपासून माहीत आहे.

शुक्रवारी मी कामावरून आले तेव्हा ती अंघोळीला गेली होती आणि तिचा लॅपटॉप जेवायच्या टेबलावर उघडाच होता. मला ताटं मांडायची होती म्हणून उचलायला गेले, तर समोर काय? मिठाचा सरदार. म्हणजे त्याची गोष्ट. चाहते लिहितात तशी, लांबलचक, भागांमागून भाग, आणि खाली वाचणाऱ्यांची ही गर्दी. आमच्या स्टुडिओत ज्या गोष्टीचं नाव निघालं की डायरेक्टरचे डोळे चमकतात, जिच्यावरून हे जुळ्या भावाचं खूळ एवढं पसरलं, ती माझी बहीण लिहीत होती. माझ्या घरात, माझ्या वायफायवर.

मी उभ्या उभ्या वाचली. चांगली होती, हेच तर वाईट. तिचा तो चांगला भाऊ खाणीत बसून मिठाच्या भिंतीवर बोटाने नावं लिहितो, वर कुणाकुणाचं मीठ झालं त्यांची, म्हणजे निदान एका माणसाच्या तरी लक्षात राहतील. दार सापडलं की वर येतो, मुलीची होडी दोरीने बांधून देतो, आणि भाऊ जागा व्हायच्या आत परत जातो. मुलगी त्याची वाट बघते. मी लॅपटॉप मिटला आणि तो दिवस गप्प राहिले, कशी राहिले ते माझं मला ठाऊक.

शनिवारी संध्याकाळी मात्र माझा तोल गेला. आम्ही दोघी ओट्यापाशी होतो. मी सूपसाठी गाजरं चिरत होते, ती एका हाताने वाटाणे सोलत होती. म्हणाली, "उद्या तो आला की चहा करू या ना. तसंच काय पाठवायचं."

मी सुरी खाली ठेवली. "पाठवायचं की बरोबर जायचं?"

"ताई, लगेच सुरू होऊ नकोस."

"मी सुरू होते? मी तुझी गोष्ट वाचलीय, बारके. तो खाणीतला भाऊ. तो नाहीये. कळतंय का तुला? एकच सरदार आहे. आम्ही शॉट उलटा केला होता, आणि व्रण बदलायचा राहून गेला. बास. दुसरा कुणी नाही तिथे. वाईट तोच आहे आणि रडतो तोही तोच आहे, आणि तू बसलीयस दुसऱ्याची वाट बघत."

मी एका दमात बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. मला वाटलं आता ही उठणार, बॅग भरणार, रविवारची वाटही बघणार नाही.

ती वाटाणे सोलत राहिली. "माहितीये," म्हणाली.

"काय माहितीये?"

"शॉट उलटा केलाय ते. अगं, मागच्या झेंड्यावरची अक्षरं उलटी आहेत त्यात. तलवार डाव्या हातात गेलीय. न कळायला काय झालं? पहिल्याच आठवड्यात कळलं होतं सगळ्यांना."

 इतकी वर्षं आम्ही स्टुडिओत ताकास तूर लागू न देता बसलो होतो, आणि हे सगळे चाहते आमच्या चुकीकडे बघून, हसून, पुढे लिहीत बसले होते. झेंडा तर माझ्याही लक्षात आला नव्हता.

"मग लिहिता कशाला?"

तिने एक शेंग उगाच हातात फिरवली. "बाकीच्यांचं माहीत नाही. मजा येते म्हणून लिहीत असतील. मला कुठेतरी असायला हवा होता तसा एखादा. घरी नव्हता, म्हणून लिहिला." मग माझ्या पाटाकडे बघून म्हणाली, "गाजरं फार जाड चिरलीस."

उद्या काय करणार आहेस, हे मी विचारलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

रविवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, नुकती केलेली दाढी, हातात फुलांची कुंडी. "कशा आहात ताई?" म्हणाला. मी "ठीक" म्हटलं आणि कुंडी चपलांच्या कपाटावर ठेवली. तो सोफ्याच्या कडेवर बसला, बारकी समोरच्या खुर्चीत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. हलणार नव्हते, मग कुणी काही म्हणो.

त्याने मनापासून बोलायला सुरुवात केली. मनापासूनच बोलत होता, खोटं कशाला सांगू. बापाचा पट्टा, अंधाऱ्या न्हाणीघरात कोंडणं, नंतर आईने गुपचूप दिलेलं बिस्किट. बोलताना त्याने दोनदा डोळे पुसले. बारकी ऐकत होती. मान हलवत होती. मध्येच उठून तिने त्याला पाणी आणून दिलं, आणि मी मनात म्हटलं, गेली. पोरगी हातची गेली.

"तुझ्यावर फार वाईट वेळ आली लहानपणी," ती म्हणाली. "ते व्हायला नको होतं. तेव्हा कुणी तरी मध्ये पडायला हवं होतं."

त्याने मान वर केली. चेहरा उजळला होता. "तुलाच कळतं हे. म्हणून सांगतो, त्या दिवशी जे झालं ना, तो मी नव्हतोच. चल, बॅग घे."

"तूच होतास," बारकी म्हणाली.

आवाज चढवला नव्हता तिने. "चहा आणलास तोही तूच आणि हात पिरगाळलास तोही तूच. दुसरा कुणी असता तर मी आले असते रे. मी येणार नाही."

 तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुम्ही तरी समजवा हिला." आठवडाभर मी त्याला सुनावायला काय काय घोकून ठेवलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी म्हटलं, "तिने सांगितलंय ना."

तो उठला. दारापर्यंत गेला आणि तिथून, त्याच भिजल्या डोळ्यांनी, म्हणाला, "पस्तावशील. बघतोच तुला कोण ठेवून घेतं ते." मग पायऱ्या उतरून गेला.

मी दाराला कडी घातली, साखळीही लावली. मागे वळले तर बारकी खुर्चीतच होती, चांगला हात दुखऱ्या मनगटावर दाबून धरलेला, आणि हुंदके देऊन रडत होती. इतकी रडताना मी तिला लहानपणीही पाहिली नव्हती. मला वाटलं, घाबरली. म्हटलं, "अगं, गेला तो. आता काही करत नाही तो तुला."

"त्याचं नाही गं," ती म्हणाली. "मला माहीत होतं तसा कुणी नाहीये. तरी तिकडे रोज संध्याकाळी दारात किल्ली वाजली की मला वाटायचं, आज तो दुसरा आला असेल."

 मी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले.