उद्या दारात कोण बसणार?

"ते राहू दे हो. उद्या सकाळी दारात कोण बसणार, तेवढं सांगा," मी म्हटलं.

गंधार भाषण मध्येच तोडून माझ्याकडे वळला. हा टीव्हीवर चर्चेला बसतो, पेपरात लिहितो. मार्ग दाखवील म्हणून माझ्या हितेंद्राने त्याला फणसवाडीतून इथे डिलाईल रोडला, आमच्या गावच्या मंडळाच्या खोलीत आणलेला. गिरण्या होत्या तेव्हा या खोलीत गावचे पुरुष पाळीपाळीने झोपायचे. आता एकटा सीताराम उरलाय, माझा चुलत दीर, बिनलग्नाचा. बिल्डर म्हणतो, मंडळ म्हणजे कुटुंब नव्हे, नव्या इमारतीत जागा नाही. उद्या त्याची माणसं कुलूप लावणार.

"काकू, प्रश्न एका दाराचा नाही," गंधार म्हणाला. "पुरोगामी शक्तींनी नवं नॅरेटिव्ह उभं करायला हवं. व्यापक पातळीवर अवकाश निर्माण करायला हवा..."

तो श्वास घ्यायला थांबला, तसे सभेला आलेले, मागे बसलेले गावचे म्हातारे एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

त्यांचा दोष नाही. गावी देवाला गाऱ्हाणं घालताना बोलणारा थांबला की असंच म्हणायचं, जिभेला वळणच पडलंय. पण गाऱ्हाण्यात कुणाचं काय अडलंय ते नाव घेऊन सांगतात. मोघम बोललेलं देवालाही कळत नाही. ह्या बाबाला मात्र वाटलं, सभा जिंकली. आणखी चढला.

"हितू, ह्येका खयसून हाडलंस रे? नुसती कढी वाढता, भात खय आसा?"

"आये, गप ऱ्हव. मोठी माणसा आसत ती."

"मोठी आसत तर उद्या येवन बसांदेत." मी गंधारकडे वळले. "याल ना?"

"उद्या माझं रेकॉर्डिंग आहे, काकू. पण मनाने मी तुमच्यासोबतच..."

"मन घेऊन काय करू? उंबऱ्यावर बूड लागतं."

म्हातारे हसले. चहा पिऊन सगळे पांगले. जाताना गंधार म्हणाला, चर्चा फार सकस झाली.

सकाळी मी उंबऱ्यावर चटई टाकली. हितू म्हणाला, हाफ डे टाकून येतो, आणि गेला. व्हय म्हाराजावाल्यांपैकी कुणी फिरकलं नाही. एकाचे गुडघे, एकाची नात.

सीताराम आतून आला. दाढी घोटलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"वयनी, वायच सर गे," म्हणाला आणि शेजारी बसला.

जिन्यावर पावलं वाजायला लागली, तसं त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.