किल्लीचा उरलेला तुकडा

लोखंडी गज आधी काउंटरच्या काचेवर पडला आणि मग कॉम्प्युटरवाल्याच्या खांद्यावर.

"माझ्या बहिणीचा रिपोर्ट कुठंय?" गजवाला ओरडला.

रक्ततपासणी केंद्राच्या बाई भिंतीला चिकटल्या. "अहो दादा, परवाच मेल केलाय! हॉस्पिटललाच विचारा ना."

हेच त्या तीनदा फोनवरही म्हणाल्या होत्या. पडद्यावर 'पाठवले' दिसलं की त्यांच्या लेखी विषय संपला, आणि फोनवर निकाल वाचून दाखवायचा नाही हा केंद्राचा नियम. तिकडे बहिणीच्या रक्तातल्या जंतूंवर कोणतं औषध चालेल, याची डॉक्टर वाट बघत होते.

कॉम्प्युटरवाला एका हाताने नोंद उघडत होता. केंद्राच्या प्रत्येक मेलवर डिजिटल सही असते. ती खरी की खोटी हे पडताळायची किल्ली इंटरनेटवरच्या नोंदीत ठेवावी लागते. सोमवारी त्याने नवी, शेकडो अक्षरांची लांबलचक किल्ली चिकटवली होती. अशा नोंदीच्या एका तुकड्यात दोनशे पंचावन्नच अक्षरं मावतात, पुढची वेगळ्या तुकड्यात घालायची. नोंदीच्या फॉर्मने किल्लीचं शेपूट गुपचूप गिळलं, वर हिरवं 'जतन झाले' दाखवलं, आणि हा बाबा खुशाल घरी गेला. तेव्हापासून हॉस्पिटल केंद्राचा प्रत्येक मेल बनावट समजून दारातच अडवत होतं.

"मशीन बिघडलंय हो," बाई म्हणाल्या. मार चुकवायला तेवढं पुरलं असतं. पण वीस वर्षांच्या नोकरीत कॉम्प्युटरवाल्याला खोटं कधी पचलं नव्हतं.

"मशीन नाही, मी चुकलो," तो म्हणाला. "किल्ली अर्धीच गेली. मी परत बघितलं नाही."

गज तोंडावर बसला. दोन दात फरशीवर पडले. गजवाल्याने त्याची मान धरून डोकं टेबलावर आपटलं, पुन्हा आपटलं. "छापून दे! आत्ता दे!"

बाईंनी छापलेला कागद पुढे केला, तेवढ्यात गजवाल्याचा फोन वाजला.

"कधी?" त्याने एवढंच विचारलं. मग तो काचांवरच बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला.

कॉम्प्युटरवाल्याला शरमेने जीव नकोसा झाला. पळून जावंसं वाटलं. पण अजून चाळीस जणांचे रिपोर्ट अडकले होते. त्याने बाहीने तोंडाचं रक्त पुसलं, किल्लीचे दोन तुकडे केले, दोन्ही वेगवेगळ्या अवतरणचिन्हांत बसवले आणि या वेळी शेवटच्या अक्षरापर्यंत बोट ठेवून वाचलं.

हॉस्पिटलच्या दारात अडकलेले मेल आपोआप आत जाऊ लागले. रांगेत सगळ्यात पुढे बहिणीचा रिपोर्ट होता. तो पोचला.