आगीत गेला, तर ओला का?

आम्हा तिघांना युद्धनौकांचं वेड आहे. दर रविवारी सकाळी सिल्व्हर पार्कमध्ये धर्मेशच्या घरी आम्ही जमतो आणि एकमेकांना प्रश्न घालतो. कुठल्या जहाजावर किती इंची तोफा, कुठला टॉर्पेडो कुठे लागला, ‘हूड’ फुटली तेव्हा किती जण वाचले. उत्तर सुचलं की टेबलावर थाप मारायची. आधी मारेल त्याला गुण. धर्मेशचा टाइल्सचा धंदा आहे, हात जड. त्याची बायको हेमाली आम्हाला चहा देते आणि आतल्या खोलीचं दार लावून घेते. तिला काय दोष देणार? हजारो माणसं मेल्याच्या गोष्टी आम्ही फरसाण खात खात सांगतो.

तिसरा रघू, राई गावचा. घरची मिठागरं होती, आता हा फ्लॅट दाखवत फिरतो. त्याला हे वेड पंढरीनाथकाकांमुळे लागलं. काका एका लढाऊ जहाजावर तोफांच्या कामावर होते. रघू शाळेत असताना त्या जहाजाला आग लागली. जहाज वाचलं, काका आणि त्यांच्या जोडीचे काही जण गेले. गावी पेटी आली ती बंद, आणि ती उघडू नका असं सांगितलं गेलं. रघू त्या जहाजावर कधीच प्रश्न घालत नाही, आणि आम्हीही नाही. एवढी अक्कल आम्हाला आहे असं मी समजत होते.

मागच्या महिन्यात तो काकीला घेऊन आला. सावित्रीकाकी खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, निघायची घाई असल्यासारख्या. चहाला हात लावला नाही.

“हिला काहीतरी विचारायचंय,” रघू म्हणाला. “मला सांगत नाही. ज्यांना जहाजातलं कळतं त्यांनाच विचारीन, बोलते.”

काकींनी माझ्याकडे पाहिलं, मग धर्मेशकडे.

“आगीत मेलेला मानूस वला कसा?”

आम्हाला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी नीट सांगितलं. “आमचे हे येतात. दुपारी जराशी आडवी झाले का येतात. दारात उभे असतात. कपडे अंगाला चिकटलेले, केसातून पाणी गळतंय. बोलत काय न्हाय. आगीत गेले, असं सगळे बोलले. मंग वले का?”

कुणी शहाणा माणूस म्हणाला असता, काकी, मनाचे खेळ आहेत. त्यांचा हात हातात घेतला असता. धर्मेशने टेबलावर थाप मारली.

“मॅगझिन!” तो ओरडला. “रघू, काका किधर थे? दारूगोळ्याच्या कोठारात ना?”

रघूने होकारार्थी मान हलवली.

“मग सिंपल आहे यार! आग जवळ आली तर कोठारात पाणी सोडतात. नाय सोडलं तर आखं जहाज उडणार. जटलंडच्या लढाईत ‘लायन’ अशीच वाचली. एकोणीसशे सोळा!”

मलाही राहवलं नाही. मी म्हटलं, आधी दारं बंद करतात, आणि पाण्याचा व्हॉल्व्ह बाहेरून फिरवतात. धर्मेशने कागद ओढून कोठाराची आकृती काढायला घेतली. व्हॉल्व्ह कुठे असेल यावर आमचं जुंपलं. सांगायला लाज वाटते, पण आम्ही खुशीत होतो. इतका सुरेख प्रश्न कित्येक रविवारांत कुणी घातला नव्हता.

“आत मानसं असताना?” काकींनी विचारलं.

धर्मेशचं पेन थांबलं. रघू खिडकीकडे बघत होता.

“म्हंजे आग त्यांच्यापर्यंत आलीच न्हाय,” काकी म्हणाल्या.

“नसेल आली,” मी म्हणाले.

“आन दार बंद होतं.”

“हो.”

“मंग त्यांनी उडी न्हाय मारली?”

हे कुठून आलं, ते रघूने खालच्या आवाजात सांगितलं. काका खाडीत वाढलेले, पट्टीचे पोहणारे. पेटी उघडली नाही म्हणून गावात कुजबुज झाली, की आग बघून हा जोडीदारांना आत टाकून समुद्रात पळाला असणार. काकी आधी लोकांशी भांडल्या होत्या. मग दारात ओला माणूस दिसू लागला आणि, हे आता आम्हाला कळत होतं, त्यांचाही विश्वास बसला.

“नाही मारली, काकी,” मी म्हणाले. “ते जागेवर होते म्हणूनच ओले झाले.”

खरं तर हा सगळा आमचा तर्क. त्या जहाजावर काय घडलं ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. पण माझ्या आवाजात शंका नव्हती, ती आमच्यात कधीच नसते.

काकी रडल्या नाहीत. “मी भिंतीकडं तोंड करायचे,” त्या म्हणाल्या. “एवढी वर्सं. ते उभे असायचे आन मी बोलायचे, पळपुट्या, जा. रोज बोलायचे.”

हेमाली कधी बाहेर आली ते कळलं नाही. ती काकींच्या शेजारी जमिनीवर बसून होती. धर्मेशने कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि खिशात टाकला.

नंतरचे दोन रविवार आम्ही भेटलो नाही. तिसऱ्या रविवारी भेटलो, आणि काकी एकट्याच शेअर रिक्षाने आल्या. डोळे खोल गेलेले. रघू उठून त्यांना बसवायला गेला, तर त्यांनी त्याचा हात बाजूला केला.

“येत न्हाईत आता,” त्या म्हणाल्या.

“चांगलं झालं की, काकी,” धर्मेश म्हणाला. “शांती मिळाली त्यांना.”

“त्यांना मिळाली,” काकी एकदम कडाडल्या. “माझं काय? दुपारभर दार सताड उघडं ठेवते. कोरडा सदरा काढून ठेवलाय, पंचा ठेवलाय. भिंतीला पाठ लावून जागी पडते. येत न्हाईत. तुम्ही सांगून टाकलंत आन ते गेले. मला एकदा त्यांना आत घ्यायचं होतं.”

रघू रडत होता. मी काकींच्या समोर जाऊन बसले.

“तुमाला सगळं कळतं ना?” काकींनी मला विचारलं. “मंग सांगा, आता ते कुनाच्या दारात उभे असतील?”