अर्जाला लावायचा फोटो

भोरच्या बाजारपेठेत मतीनचा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो, जे येईल ते तो काढायचा. पण त्यात त्याचा जीव रमत नसे. त्याचा जीव रंगमंचावर. जत्रेत कुठं नाटक, भारूड, सोंगं असली की हा पदरचं पेट्रोल जाळून हजर. आणि फ्लॅशचं नाव काढलं की कपाळाला आठी. "फ्लॅश मारून काय, कुणीबी काढंल," म्हणायचा. लेन्स पूर्ण उघडायची, श्वास रोखायचा आणि नाचणारा माणूस वळताना क्षणभर थबकतो तिथं बरोबर बोट दाबायचं, ही त्याची विद्या. विद्या खरी होती. पण तिचा ताठा एकदा अंगात भिनला की माणूस समोरच्याचं ऐकत नाही, आणि मतीन त्यातलाच.

चैत्रात हिर्डोशीच्या बनाबाई एसटीनं खास त्याच्याकडं आल्या. त्यांचे यजमान रखमाजी चाळीस वर्षं जत्रेत देवीचं सोंग घेत होते. आता गुडघे गेले होते. वृद्ध कलावंतांना सरकार मानधन देतं, त्याचा अर्ज भरला होता. गावचा दाखला होता, पंचांच्या सह्या होत्या. अडलं होतं एका फोटोपाशी.

"बाबा, निस्ता एक फोटू काढ. स्टेजवरचा. चेहरा वळखू यायला पायजे, असं हापिसात सांगितलंय."

"काकी, असा काढतो की बघत राहाल."

"बघायला नगं रं. अर्जाला लावायला पायजे."

मतीननं ते हसण्यावारी नेलं.

यंदाचा फोटो हुकून चालणार नव्हतं, कारण रखमाजी यंदा चाळ उतरवणार होते. तिथली रीत अशी: सोंग घेणारा थकला की शेवटच्या सोंगानंतर पायातले पितळी घुंगरांचे चाळ सोडून पुढच्याच्या हातात देतो. एकदा उतरवलेले चाळ त्यानं पुन्हा पायात बांधायचे नाहीत. पुतण्या अमृत ते घेणार होता. दुसरी रीत, देवीच्या सोंगावर दिवटीशिवाय दुसरा उजेड पडू द्यायचा नाही. त्यापायी देवळाच्या आवारात पूर्वी कॅमेरा आणि आता मोबाईलही बाहेर काढायचा नाही, म्हणून चाळीस वर्षांत रखमाजींचा एक फोटो निघाला नव्हता. मतीन फ्लॅश मारत नाही हे पंचांना ठाऊक होतं, तेव्हा त्याला तेवढी मुभा मिळाली.

जत्रेच्या संध्याकाळी रखमाजी चाळ बांधून स्टेजवर आले. तोंडाला अजून रंग लागला नव्हता, डोक्यावर हॅलोजन लख्ख जळत होते. त्यांनी गावाला नमस्कार केला आणि मतीनकडं बघून थांबले. बनाबाईंनी पढवून पाठवलं असणार. छाती काढून, हात जोडून, चांगले मिनिटभर थांबले. मतीननं हातानंच खूण केली: आत्ता नाही, पुढं. त्या पांढऱ्याफटक उजेडातला फोटो म्हणजे त्याच्या मते पासपोर्टचा फोटो. त्यानं कॅमेरा अंधारासाठी लावून ठेवला होता, तो कोण बदलणार!

मग हॅलोजन विझले. तोंडाला हळद आणि शेंदूर फासून, केस मोकळे सोडून रखमाजी दोन दिवट्यांच्या मधे आले. हातभर अंतरावर जाळ, पण डोळ्याचं पातं लवत नव्हतं. गुडघ्यांचं दुखणं कुठं पळालं होतं देव जाणे. एका गिरकीला ते थबकले, अर्धं तोंड उजेडात, अर्धं काळोखात, आणि मतीननं बोट दाबलं. असा फोटो त्याला जन्मात मिळाला नव्हता. त्याचे डोळे भरून आले. नंतर रखमाजींनी चाळ सोडून अमृतच्या ओंजळीत ठेवले, ते त्यानं धड पाहिलंसुद्धा नाही.

कचेरीतल्या साहेबानं फोटो आडवा धरला, उभा धरला. "झकास आहे हो. पण ह्यात माणूस कुठाय?"

बनाबाई फोटो पदराखाली घेऊन परत आल्या.

महिन्याभरात त्याच फोटोला पुण्यातल्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, पेपरात छापून आला. मतीन कात्रण घेऊन पळत कचेरीत गेला. पेपरातलं कात्रण पुरावा म्हणून चालत होतं. साहेबानं फोटोखालची ओळ वाचली: 'तेज. छायाचित्र: मतीन, भोर.' रखमाजींचं नाव कुठंच नव्हतं. स्पर्धेच्या फॉर्मवर मतीननंच घातलं नव्हतं. सुचलंच नव्हतं.

"चाळ बांधून उभं करा, फ्लॅश मारा आणि शुक्रवारच्या आत घेऊन या," साहेब म्हणाला.

हे रखमाजींना सांगायला मतीनलाच जावं लागलं.

"रीत हाय आपली," रखमाजी म्हणाले.

"रीतीवर चूल पेटत न्हाई," बनाबाई म्हणाल्या, आणि चाळ मागायला अमृतकडं गेल्या.

चाळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून आले. "सांजच्याला परत द्या, काकी," अमृत म्हणाला होता, "आन् कुनाला बोलू नगा."

भर दुपारी देवळासमोरच्या, पत्र्याखाली अंधारलेल्या स्टेजवर चिटपाखरू नव्हतं. रखमाजींना वाकवेना, म्हणून बनाबाईंनी चाळ बांधले. मतीननं धूळ झटकून फ्लॅश काढला आणि कॅमेऱ्यावर चढवला. लखकन उजेड पडला.

"काका, डोळे मिटले. परत एकदा."

दुसऱ्यांदाही मिटले. तिसऱ्यांदा रखमाजींनी बळंच डोळे ताणून धरले.

"आता दिसतो का म्या?"

"दिसता, काका."

सगळंच दिसत होतं. दाढीचे खुंट, बनियनचं भोक, मागच्या भिंतीवर काळी सावली आणि घाबरलेले दोन डोळे. अर्जाला अगदी पसंत पडेल असा फोटो.

रखमाजी खाली बसले. चाळ त्यांनी स्वतःच सोडले, वाजू नयेत म्हणून मुठीत घट्ट धरून पिशवीत ठेवले. मग मतीनकडं न बघता म्हणाले, "त्यो पुण्याचा लाव तुज्या भिंतीला. ह्यो मातूर हापिसाबिगर कुनाला दावू नगंस."

मतीननं मान हलवली आणि फ्लॅश बंद केला.