रंगवलेलं दार

मंत्री येणार म्हटलं की स्फाक्स शहरात आधी रंग येतो. रस्त्याकडेचे दगड रंगतात, झाडांची खोडं रंगतात, एकदा तर वाळलेलं गवतही हिरवं केलं होतं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. इस्पितळातल्या त्या खोलीचं दारही असंच रंगलं.

मेंदूचा आलेख काढायची ही खोली इंजिनिअर नझीहाने उभी केलेली. मेंदूतली वीज इतकी क्षीण, की लिफ्ट, फोन, काहीही जवळ चालू असलं तरी आलेख बिघडतो. म्हणून भिंती, छत, जमीन सगळं तांब्याच्या पत्र्याने मढवलेलं आणि दाराच्या कडांना पितळी पट्ट्या. दार लागलं की धातूला धातू भिडायचा आणि बाहेरची लुडबुड बाहेरच राहायची. रंगारी मोन्जीकाकांनी त्या पट्ट्यांवरही पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. मध्ये रंग आल्याने धातूला धातू भिडेना; आता दार लावलं काय नि न लावलं काय, सारखंच.

नझीहाने ते सकाळी पाहिलं आणि विभागप्रमुख प्रोफेसर फाखर यांना गाठलं. ते टाय सारखा करत होते. रंग खरवडायला थोडा वेळ द्या, असं तिने विनवलं.

"आणि मंत्र्यांना खरवडलेलं दार दाखवू? तुझा कायम नोकरीचा कागद आज सहीला आहे, बाई. आज तरी तोंड आवर."

तिने तोंड आवरलं. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या माणसाला ते चांगलं जमतं.

आलेख निघणार होता इश्राकचा. पोरीला दोन वर्षांत फेफऱ्याचा एकही झटका आला नव्हता. आज आलेख स्वच्छ आला की गोळ्या बंद होणार होत्या. त्या गोळ्यांपायी ती वर्गात झोपायची आणि बाई तिला घरी पाठवायच्या. तिची आई शाद्लिया बंदरावर कोळंबी सोलायची. आज खाडा करून, लेकीला नवा फ्रॉक घालून ती आली होती.

फोन बाहेर ठेवून मंत्री आणि मंडळी आत आली, दार लागलं. भिंतीपलीकडे दूरदर्शनची गाडी उभी होती. तिच्या लहरी रंगलेल्या दारातून आत शिरल्या आणि पडद्यावर रेघांचा नुसता थयथयाट सुरू झाला. इश्राक शांतपणे मंत्र्यांचे बूट बघत बसली होती. प्रोफेसरांचा चेहरा उतरला, पण दार उघडून बाहेरचा कॅमेरा दिसताच सावरला.

"बघा साहेब, वरून पोर धडधाकट, पण आत झटका चालू आहे. आमच्या खोलीने तो पकडला."

टाळ्या पडल्या. नझीहानेही वाजवल्या.

पाहुणे गेल्यावर तिने रंग खरवडला आणि आलेख पुन्हा काढू म्हणाली.

"आज बातम्यांत सगळा देश बघणार," प्रोफेसर म्हणाले. "उद्या काय सांगू? दाराला झटका आला होता?"

गोळ्या दुप्पट झाल्या, इश्राकची शाळा कायमची सुटली. नझीहाची नोकरी कायम झाली.

काही दिवसांनी शाद्लिया कोळंबीचा डबा घेऊन आली. लेक तिच्या खांद्यावर डोकं टाकून पेंगत होती.

"ताई, मी अडाणी. मला वाटलं, पोर बरी झाली. तुमची खोली नसती तर मी गोळ्या बंद करून तिला मारलंच असतं."

खरं काय ते नझीहाच्या ओठांवर आलं होतं. तिने डबा घेतला. आईने लेकीला हलवून उठवलं आणि ताईंच्या हाताचा मुका घे म्हणाली. झोपाळू ओठ हाताला लागले. नझीहाने हात मागे घेतला नाही.