रविवारचं छत

ईस्टरच्या सकाळी मी एमेटला सगळं खरं सांगून टाकलं. ते तूर्त बाजूला ठेवू. मी काहीही सांगितलेलं नाही, असं धरून चालू.

एमेट माझा मित्र. दोन वर्षांपूर्वी तो आईबरोबर विस्कॉन्सिन सोडून डलूथला गेला आणि आमच्यात उरली फक्त फोनवरच्या ॲपमधली साखळी. रोज एकमेकांना एक तरी फोटो पाठवायचा. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर. आमचा आकडा होता आठशे अकरा. मी माझ्या खोलीचं छत पाठवायचो, तो त्याच्या खोलीचं. मैत्री तेवढीच उरली होती, आणि तेवढी मला हवी होती.

यंदा ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात फादरनी आम्हा पोरांना फोन सोडायला लावले. फोन मेयोनेजच्या रिकाम्या बादलीत आणि बादली मिसेस प्रुस्कींकडे. वय अठ्ठ्याहत्तर. दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात अख्ख्या गावासाठी मासे तळतात त्या ह्याच.

"साखळी तुटेल," मी म्हणालो.

"उपास आहे, लायनस. काहीतरी तुटणारच."

"आठशे अकरा दिवस झालेत, मिसेस प्रुस्की."

त्यांनी पिठाचे हात पुसले. "मी सत्तावन्न वर्षांत एक शुक्रवार चुकवलेला नाही. पासवर्ड सांग."

आमच्याकडे रविवार उपवासात धरत नाहीत. त्यामुळे दर रविवारी फोन परत मिळायचा, सोमवारी पुन्हा बादलीत. पहिल्या रविवारी मी नेहमीसारखं छत पाठवलं. एमेटचं उत्तर आलं, "बरं नाही का तुला?"

मी मागचं वाचलं. शुक्रवारी मिसेस प्रुस्कींनी माशाचा फोटो पाठवून खाली लिहिलं होतं, "तू जेवलास का?"

"कॉर्नफ्लेक्स."

"आणि आई?"

"झोपलीये. हल्ली दिवसभर झोपूनच असते."

त्याखाली बटाट्याच्या धिरड्यांची कृती होती, मीठ किती इथपर्यंत.

सोमवारी मी बादलीपाशी म्हणालो, "हे खोटं बोलणं झालं."

"कोण बोलतंय, असं त्यानं विचारलं नाही. तूही आठशे दिवसांत त्याला काही विचारलं नाहीस. जास्त पाप कुणाचं, फादरना विचारू या?"

"नको."

"मग तो पिठाचा डबा दे इकडं."

पाचव्या रविवारी एमेटनं लिहिलं, "सोमवार ते शनिवार तू माणसासारखा असतोस. रविवारी काय होतं तुला?"

मी घाईनं विचारलं, "आई कशी आहे?"

"कालच सांगितलं ना."

ईस्टरला फोन कायमचा हातात आला. आकडा आठशे सत्तावन्न. तेव्हा मी एमेटला ते सांगितलं, जे मी सांगितलेलं नाही.



"आई काल उठून टेबलापाशी जेवायला बसली," त्यानं लिहिलं. "हे त्यांना सांगायचं होतं मला. आता तू छत पाठवणार का?"

मी फोन घेऊन मिसेस प्रुस्कींकडे गेलो. त्यांनी निरोप वाचला, चष्मा पुसला आणि फोन परत दिला. "उपवास संपला. आता तुझं तू विचार."

काय विचारायचं ते मला सुचेना. म्हणून बिशपांच्या कार्यालयाला अर्ज केला: चालू उपवासकाळास पुढील उपवासकाळ सुरू होईपर्यंत मुदतवाढ मिळावी, रविवार वगळण्याची प्रथा रद्द व्हावी, आणि मिसेस प्रुस्की यांचे वय लक्षात घेता मंजुरी तातडीने कळवावी, ही नम्र विनंती.